बाबांच्या ताटलीतला बलक : प्रकल्प नोंदी

४ जानेवारी २०२६, रविवार

आज सकाळी आईला अंडी सोलताना पाहिलं आणि या कामाला तिथेच सुरुवात झाली. बाबांना स्टेंट बसवला त्याला नऊ वर्षं झाली. तेव्हापासून आई रोज दोन अंडी उकडते, मधोमध चिरते, बलक अंगठ्याने हलकेच बाहेर काढते आणि पांढरं तेवढं बाबांच्या ताटलीत ठेवते. बलक कधी स्वतः खाते, बहुतेक वेळा टाकून देते.

"आई, हे कोणी सांगितलं होतं?"

"तेव्हा डॉक्टर म्हणाले होते. नंतर कोणी काही विचारलंच नाही."

बाबा काही बोलले नाहीत. पांढऱ्यावर मीठ-मिरी घालून खात राहिले. त्यांना बलक किती आवडायचा ते मला लहानपणापासून माहीत आहे. बलक शेवटच्या घासाला राखून ठेवायचे.

म्हणून आता मी विचारायचं ठरवलं आहे. न्याहारीला अंडी खाणं तब्येतीला बरं की वाईट, एवढा एकच प्रश्न. तीन कामं करायची. जे वाचता येईल ते मुळापासून वाचायचं. स्वतःवर बारा आठवडे करून पाहायचं. शेवटी सगळं एका कागदावर मांडून बाबांच्या आताच्या डॉक्टरांना दाखवायचं. बाबांवर मात्र कसलाही प्रयोग नाही. त्यांना हृदयविकार आहे, वर मधुमेहही आहे.

६ जानेवारी

बारा तास उपाशी राहून रक्त दिलं. एलडीएल (वाईट म्हणतात ते कोलेस्टेरॉल) १२१, एचडीएल (चांगलं म्हणतात ते) ४७, ट्रायग्लिसराइड्स (रक्तातली चरबी) १३८. माझं वय ४४, कसलंही औषध चालू नाही. आजवरची माझी न्याहारी म्हणजे ब्रेड, जाम आणि साखरेचा चहा.

उद्यापासून सहा आठवडे रोज दोन अंडी, मला आवडतात तशी, म्हणजे बटरवर परतलेली आणि सोबत बटर लावलेला ब्रेड. मग पुन्हा रक्ततपासणी. पुढच्या सहा आठवड्यांत काय बदलायचं ते तेव्हा ठरवीन.

११ जानेवारी

स्वयंपाकघरातला छोटा काटा बाहेर काढला. टरफलासकट अंडं ५७ ग्रॅम भरलं, फोडल्यावर ५० ग्रॅम. एवढ्या अंड्यात साधारण ७० कॅलरी, ६ ग्रॅमच्या थोडं वर प्रथिनं, ५ ग्रॅम चरबी आणि १८५ मिलिग्रॅमच्या आसपास कोलेस्टेरॉल असतं. कर्बोदकं नावापुरती, अर्ध्या ग्रॅमहूनही कमी.

पांढरं आणि बलक वेगळे करून दोन वाट्यांत ठेवले आणि बराच वेळ बघत बसले. पांढऱ्यात साडेतीन ग्रॅम प्रथिनं आणि बाकी जवळजवळ सगळं पाणी. कोलेस्टेरॉल सगळं बलकात, हे खरं. पण कोलीनही जवळपास सगळं बलकातच आहे. जीवनसत्त्व अ, जीवनसत्त्व ड, डोळ्यांच्या पडद्याला लागणारी ल्युटीन आणि झिअॅक्सँथिन ही पिवळी द्रव्यं, बी-१२ चा बहुतेक वाटा, एवढंच काय जवळपास निम्मी प्रथिनंसुद्धा त्या पिवळ्या गोळ्यात आहेत. साहजिकच आहे. पिल्लू घडायला जे लागतं त्याची शिदोरी तिथेच बांधलेली असते.

कोलीनबद्दल मला काहीच ठाऊक नव्हतं. पेशींची आवरणं आणि मज्जासंस्थेचे निरोप या दोन्हींना ते लागतं. बाईला दिवसाला ४२५ आणि पुरुषाला ५५० मिलिग्रॅम पुरेसं धरलं जातं. एका अंड्यात जवळपास १४५ मिलिग्रॅम. आई रोज काय टाकून देते आहे याची आज पहिल्यांदा नीट कल्पना आली.

१७ जानेवारी

भुकेची नोंद. ब्रेड-जाम खायचे तेव्हा साडेदहाला पोटात खड्डा पडायचा आणि हात बिस्किटांच्या डब्याकडे जायचा. आता दहा दिवस झाले, एकदाही तसं झालं नाही. एक वाजेपर्यंत निभतं.

यावर २००५ साली एक चाचणी झाली होती. वजन जास्त असलेल्या किंवा स्थूल अशा ३० स्त्रियांना एके दिवशी अंड्यांची आणि दुसऱ्या वेळी तेवढ्याच कॅलरींची बेगल या ब्रेडची न्याहारी दिली. अंडी खाल्ली त्या दिवशी त्या दुपारी कमी जेवल्या. प्रथिनं पोटात जास्त वेळ टिकतात आणि रक्तातली साखर झपकन वर-खाली होत नाही. पण हे फक्त अंड्याचंच श्रेय नव्हे. दही, पनीर, कडधान्यं, ज्यात प्रथिनं चांगली आहेत अशी कुठलीही न्याहारी हे काम करील. अंड्याचा मोठा फायदा म्हणजे दहा मिनिटांत होतं.

२५ जानेवारी

बलकाची भीती आली कुठून ते शोधत होते. माग थेट सेंट पीटर्सबर्गपर्यंत जातो. १९१३ साली निकोलाय अनिचकोव या रशियन संशोधकांनी सूर्यफुलाच्या तेलात शुद्ध कोलेस्टेरॉल विरघळवून सशांना खाऊ घातलं. सशांच्या रक्तवाहिन्यांत चरबीचे थर साचले. रक्तवाहिन्यांच्या विकारात कोलेस्टेरॉलचा हात असतो हे त्यातून पहिल्यांदा डोळ्यांना दिसलं. शोध मोठाच होता. पण ससा पाला खाणारा प्राणी. त्याच्या निसर्गातल्या खाण्यात कोलेस्टेरॉल नसतंच, त्यामुळे ते आल्यावर त्याची विल्हेवाट कशी लावायची हे त्याच्या शरीराला येत नाही. उंदरांवर आणि कुत्र्यांवर तोच प्रयोग केला तेव्हा तसं सहज घडलं नाही.

माणसाच्या बाबतीत अन्सेल कीज या अमेरिकन शास्त्रज्ञांनी १९५० च्या दशकातच सांगितलं होतं की खाण्यातल्या कोलेस्टेरॉलचा रक्तातल्या पातळीवर परिणाम थोडाच होतो, चरबी कुठली खाता याचा जास्त होतो. तरी १९६८ साली अमेरिकन हार्ट असोसिएशनने दिवसाला ३०० मिलिग्रॅम कोलेस्टेरॉल आणि आठवड्याला जास्तीत जास्त तीन बलक अशी मर्यादा घातली. जगभर तीच डोक्यात बसली. अमेरिकेच्या सरकारी आहार-मार्गदर्शनातून ३०० चा आकडा थेट २०१५ च्या आवृत्तीत निघाला. म्हणजे जवळजवळ अर्धं शतक गेलं. तो सल्ला देणाऱ्यांना मी दोष देत नाही. लोक पन्नाशीत हृदयविकाराने पटापट जात होते आणि हाताशी होतं त्यावरून काहीतरी सांगणं भाग होतं. वाईट एवढ्याचंच वाटतं की नवं कळल्यावर ते जुन्याइतक्या जोराने घराघरांत पोचलं नाही.

१ फेब्रुवारी

भाचा आला होता. व्यायामशाळेत जायला लागल्यापासून सकाळी चार कच्ची अंडी ग्लासात फोडून पितो. "मावशी, शिजवल्यावर प्रथिनं मरतात," म्हणाला.

उलट आहे. १९९८ च्या एका मोजणीत शिजवलेल्या अंड्यातली सुमारे ९१ टक्के प्रथिनं शरीरात शोषली गेली, कच्च्यातली जेमतेम ५१ टक्के. उष्णतेने प्रथिनांची गुंडाळी उलगडते आणि पाचकरसांना ती तोडणं सोपं जातं. शिवाय कच्च्या पांढऱ्यात अॅव्हिडिन नावाचं प्रथिन असतं. ते बायोटिन या जीवनसत्त्वाला घट्ट धरून ठेवतं आणि शोषू देत नाही. शिजवलं की त्याची पकड सुटते. साल्मोनेला या जंतूचा धोका वेगळाच. मी त्याला म्हटलं, चार कच्ची पिऊन जे मिळतं ते जवळजवळ दोन उकडलेल्यांत मिळेल. हिशोब पटला त्याला. जाताना किती मिनिटं उकडायची ते विचारून गेला.

८ फेब्रुवारी

आज सगळा दिवस यकृतावर गेला आणि सार्थकी लागला.

रक्तातलं बहुतेक कोलेस्टेरॉल आपलं शरीरच बनवतं, आणि त्यात यकृताचा वाटा मोठा. खाण्यातून जास्त आलं की यकृत स्वतःचं उत्पादन कमी करतं, आतडंही आलेलं सगळं शोषत नाही. यकृताच्या पेशींवर एलडीएल ओढून घेणारे ग्राहक (रिसेप्टर) असतात. मायकेल ब्राउन आणि जोसेफ गोल्डस्टाइन यांनी ते शोधून काढले आणि १९८५ साली त्यांना नोबेल मिळालं. हे ग्राहक भरपूर आणि चालते असले की रक्तातलं एलडीएल उचललं जातं. संपृक्त चरबी, म्हणजे बटर, तूप, मलई, चरबीदार मांस यांतली, जास्त झाली की नेमके हेच ग्राहक मंदावतात. मग एलडीएल रक्तातच फिरत राहतं.

अंड्यात कोलेस्टेरॉल भरपूर आहे, पण संपृक्त चरबी अवघी दीड ग्रॅमच्या आसपास. हा फरक मी आजवर कधीच केला नव्हता. दोन्ही शब्द एकाच श्वासात ऐकत मोठी झाले आणि दोन्ही एकच समजत राहिले.

सगळ्यांची यकृतं सारखी नसतात हेही लिहून ठेवते. काही जणांचं शरीर ही भरपाई नीट करत नाही आणि अंडी खाल्ल्यावर त्यांचं कोलेस्टेरॉल इतरांपेक्षा बरंच चढतं. काही घराण्यांत तर एलडीएलचे ग्राहक जन्मतःच कमी किंवा सदोष असतात. आपण कुठल्या गटात आहोत हे आरशात बघून कळत नाही, त्याला रक्तच द्यावं लागतं.

१८ फेब्रुवारी

निकाल आला. एलडीएल १३४. एचडीएल ४९, ट्रायग्लिसराइड्स १२१.

मन खट्टू झालं. सहा आठवडे इतकं वाचलं आणि आता आईला काय सांगायचं? एकाच माणसाचं एलडीएल काहीही न बदलता दोन तपासण्यांत पाच-दहा टक्के हलू शकतं हे माहीत आहे. पण आकडा वर गेला तो गेलाच, आणि मी तो लपवणार नाही. ट्रायग्लिसराइड्स उतरले ते बहुधा जाम आणि चहातली साखर सुटल्यामुळे.

२२ फेब्रुवारी

दोन दिवस मनात काहीतरी खटकत होतं. आज नेहमीसारखी न्याहारी केली, फक्त प्रत्येक गोष्ट काट्यावर ठेवून.

बटरची डबी आधी तोलली, मग खाऊन झाल्यावर. फरक २२ ग्रॅम. पॅनमध्ये एक मोठा तुकडा, ब्रेडच्या दोन कापांना आडवाउभा एक-एक हात, वरून अंड्यावर थोडं. मला वाटायचं चमचाभर असेल. बटरमध्ये निम्मी संपृक्त चरबी असते. म्हणजे बटरमधून ११ ग्रॅम आणि दोन अंड्यांतून तीन-सव्वातीन. २००० कॅलरींच्या आहारात दिवसभराची संपृक्त चरबी २२ ग्रॅमच्या आत असावी असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. मी त्यातली दोनतृतीयांश न्याहारीलाच संपवत होते, आणि तिच्यात अंड्यांचा वाटा पावच्या आसपास होता.

काट्यावरचा आकडा बघत उभी राहिले. सहा आठवडे मी स्वतःशी "अंड्यांची न्याहारी" म्हणत होते. यकृताच्या बाजूने पाहिलं तर ती बटरची न्याहारी होती. प्रयोग आखतानाच हे लक्षात यायला हवं होतं. "मला आवडतात तशी" असं लिहून मी पुढे गेले होते.

दुसऱ्या टप्प्यासाठी आता ठरलं. दोन अंडी तशीच ठेवायची. बटर बंद, अंडी उकडलेली किंवा चमचाभर वनस्पती तेलात, सोबत अख्ख्या गव्हाचा ब्रेड, एखादी कच्ची भाजी आणि एक फळ. दुपार-रात्रीच्या जेवणात काहीही बदल नाही.

१ मार्च

मोठे अभ्यास वाचून काढले. सुरुवातीला डोकं गरगरलं, कारण दोन्ही बाजूंचे निकाल सापडतात.

२०१९ मध्ये अमेरिकेतल्या २९,६१५ लोकांच्या माहितीवरून निष्कर्ष निघाला की रोजच्या दर अर्ध्या जादा अंड्यामागे हृदय-रक्तवाहिन्यांच्या विकाराचा धोका सहा टक्के जास्त. त्याच्या आदल्याच वर्षी चीनमधल्या सुमारे पाच लाख लोकांच्या पाहणीत रोज अंडं खाणाऱ्यांमध्ये हा धोका कमी दिसला होता, मेंदूतल्या रक्तस्रावाचा तर बराच कमी. आणि २०२० साली परिचारिका आणि आरोग्यसेवेतल्या लोकांच्या तीन दशकांच्या नोंदींतून आलं की रोज एका अंड्यापर्यंत धोका वाढलेलाही दिसत नाही आणि घटलेलाही नाही.

मग पद्धती वाचल्या. २०१९ च्या अभ्यासात माणूस काय खातो हे सुरुवातीला एकदाच विचारलं होतं आणि पुढे सरासरी सतरा वर्षं त्याच उत्तरावर हिशोब. सतरा वर्षांत माझी न्याहारी किती वेळा बदलली असेल! २०२० च्या अभ्यासात दर काही वर्षांनी पुन्हा विचारलं होतं. शिवाय अंडी एकटी कधीच येत नाहीत. कुठे ती बेकन आणि सॉसेजबरोबर येतात, कुठे भाज्यांबरोबर. कुठे अंड्यामुळे ताटातला गोड पाव जातो, कुठे डाळ जाते. आकडेशास्त्राने हे वेगळं काढायचा प्रयत्न होतो, पण पूर्ण निघत नाही.

म्हणून गेल्या वर्षी, २०२५ मध्ये, ऑस्ट्रेलियातून आलेली चाचणी मला जास्त महत्त्वाची वाटली. ६१ जणांना आलटून पालटून तीन आहार, प्रत्येकी पाच आठवडे. रोज दोन अंडी आणि संपृक्त चरबी कमी असलेल्या आहारात एलडीएल उतरलं. एलडीएलचा संबंध संपृक्त चरबीशी दिसला, खाण्यातल्या कोलेस्टेरॉलशी नाही. या चाचणीला अंडी-उत्पादकांशी जोडलेल्या संस्थेचा पैसा होता. मी ते कागदावर ठळक लिहिणार आहे, डॉक्टरांना कळायला हवं. पण यकृताची जी रीत आधी वाचली तिच्याशी निकाल जुळतो.

८ मार्च

आता बाबांचा मुद्दा. मधुमेह.

इथे मी मुद्दाम सावकाश वाचलं, कारण चूक झाली तर ती माझ्या अंगावर नाही, त्यांच्या अंगावर येईल. १९९९ च्या एका मोठ्या अभ्यासात निरोगी लोकांना रोज एक अंडं निर्धोक दिसलं, पण मधुमेह असलेल्यांत हृदयविकाराचा धोका जास्त आढळला. नंतरच्याही काही पाहण्यांत तसंच. दुसरीकडे २०१५ साली सिडनीत मधुमेह किंवा त्याच्या उंबरठ्यावर असलेल्या १४० जणांवर प्रत्यक्ष चाचणी झाली. अर्ध्यांना आठवड्याला १२ अंडी, अर्ध्यांना दोनहून कमी, तीन महिने. दोन्ही गटांच्या कोलेस्टेरॉलमध्ये लक्षणीय फरक पडला नाही. पण दोन्ही गटांना संपृक्त चरबीऐवजी असंपृक्त चरबी वापरायला सांगितलं होतं. पुन्हा तेच, सोबत काय आहे.

तीन महिन्यांत रक्त कळतं, हृदयाची दहा वर्षं कळत नाहीत. म्हणून बाबांसाठी "रोज दोन, बिनधास्त" असं मी लिहिणार नाही. मला स्वतःला आठवड्याला तीन-चार बलक योग्य वाटतात. शेवटी शब्द डॉक्टरांचा.

१५ मार्च

उकडण्याची एक नोंद, रोज करून हाती आलेली. पाणी उकळल्यावर अंडी सोडायची, मंद आचेवर दहा मिनिटं, लगेच गार पाण्यात. यापेक्षा जास्त उकळली की बलकाभोवती हिरवट-करडी कडा येते. पांढऱ्यातलं गंधक आणि बलकातलं लोह एकत्र आल्याची ती खूण. अपाय काही नाही, पण वास लागतो आणि बलक भुसभुशीत होतो. आठवडाभर जुनी अंडी ताज्यांपेक्षा छान सोलतात.

२२ मार्च

अंड्यात नाही ते काय? तंतू अजिबात नाहीत, जीवनसत्त्व क नाही. म्हणून फळ आणि भाजी ही सजावट म्हणून नको, ती न्याहारीचाच भाग हवी. आणि भाजीलाही अंड्याचा उपयोग होतो. एका चाचणीत कच्च्या भाज्यांच्या सॅलडवर शिजवलेली अंडी घातली तेव्हा गाजर-टोमॅटोतल्या रंगद्रव्यांचं शोषण कित्येक पटींनी वाढलं, कारण ती चरबीत विरघळतात आणि बलकात चरबी आहे. नुसत्या पांढऱ्याने हे होणार नाही.

२ एप्रिल

एलडीएल ११७. एचडीएल ४८, ट्रायग्लिसराइड्स ११८.

अंडी तेवढीच, बलकासकट, रोज दोन. सहा आठवड्यांत ८४ अंडी झाली. पहिल्या टप्प्यातही ८४ च. एका माणसाच्या तीन तपासण्यांनी काही सिद्ध होत नाही, आणि दुसऱ्या टप्प्यात बटर जाण्याबरोबर फळ-भाजीही आली होती. पण माझ्यापुरता माझा प्रश्न सुटला.

४ एप्रिल

डॉक्टरांकडे गेलो, बाबा, आई आणि मी. दोन पानी कागद त्यांनी शांतपणे पूर्ण वाचला. बाबांचे गेल्या वर्षाचे अहवाल पुढ्यात घेतले. स्टॅटिन हे कोलेस्टेरॉल उतरवणारं औषध चालू आहे, एलडीएल ६२, साखर आटोक्यात.

म्हणाले, आठवड्याला चार दिवस एक अख्खं अंडं चालेल, इतर दिवशी हवं तर नुसतं पांढरं. बटरवर परतलेलं नाही, सोबत प्रक्रिया केलेलं मांस नाही. तीन महिन्यांनी पुन्हा लिपिड (रक्तातल्या चरबीचे आकडे) बघू, आकडा चढला तर बलक थांबवू. आईने विचारलं, "मग नऊ वर्षं मी चुकलेच का?" ते म्हणाले, "नाही हो, तुम्ही सांगितलं ते जिवापाड केलंत. सांगणाऱ्यांनी मधे एकदा परत बघायला हवं होतं."

बाहेर आल्यावर आई बराच वेळ काही बोलली नाही. मग गाडीत बसताना म्हणाली, "पुढची तारीख तू लिहून ठेव." लिहिली आहे, ४ जुलै.

१२ एप्रिल, रविवार

आईने अंडं चिरलं. सवयीने अंगठा बलकाकडे गेला, तसाच थांबला. दोन्ही अर्धे भाग तिने जसेच्या तसे ताटलीत ठेवले, शेजारी काकडी आणि पपईच्या फोडी.

बाबांनी पांढऱ्याच्या कडा आधी खाल्ल्या. बलक बाजूला सरकवून ठेवला, शेवटच्या घासासाठी.